मिडफिल्डची मिनिटं आणि बर्निसचा काटा

बर्निस वॉइचिकला चेहरे लक्षात राहत नसत. नावांच्या बाबतीतही बोंबच होती. पण घामेजलेला मोजा हातात आला की तो कुणाचा, हे ती डोळे मिटून सांगे. व्हॅन डोरेन कॉलेजच्या तळघरात सव्वीस वर्षं ती लॅक्रोसच्या टीमचे, म्हणजे जाळीच्या काठीनं चेंडू झेलत-फेकत खेळणाऱ्या पोरांचे, कपडे धूत होती. सरावानंतर प्रत्येक खेळाडू आपले कपडे नंबर लावलेल्या जाळीच्या पिशवीत कोंबायचा, मोठी पिन लावायचा आणि खिडकीतून आत भिरकवायचा. संध्याकाळपर्यंत बेचाळीस पिशव्यांचा ढीग, आणि ढिगाच्या पलीकडे बुटकी, गोल, दोन्ही गुडघ्यांनी कुरकुरणारी बर्निस. पोरं तिला ‘मिस बर्निस’ म्हणत आणि तिला घाबरत. कारण उलटा मोजा आला तर ती तो तसाच उलटा धुवून परत करी.

त्या वर्षी नवीन वॉशिंग मशिनचा पट्टा दोनदा तुटला. दुरुस्तीवाला म्हणाला, “बाई, चाळीस पौंडांच्या वर एक औंस टाकायचं नाही. आधी वजन करत जा.” बर्निसचा नवरा स्टॅन तळ्यातले ट्राउट मासे तोलायला आकडा लावलेला एक टांगता काटा वापरायचा. स्टॅन जाऊन सहा वर्षं झाली होती. बोट तिनं भाच्याला देऊन टाकली होती, पण काटा स्वयंपाकघरात लटकत होता. तो तिनं तळघरात आणला आणि एकेक पिशवी टांगून बघायला लागली.

आठवडाभरातच तिच्या ध्यानात आलं की कपडे सगळ्यांचे सारखेच, पण वजनं सारखी नाहीत. फरक कसला? घामाचा. आणि घाम काही उगाच येत नाही.

आता हे ध्यानात आल्यावर दुसऱ्या गावातल्या बाईनं मान हलवून मशिन सुरू केलं असतं. पण हे गाव पडलं न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला, लांबोडक्या तळ्याच्या काठी. फेब्रुवारीत तळ्याच्या कडेला बर्फ धरलेला, द्राक्षमळे उघडेबोडके, आणि पर्लच्या खाणावळीत सकाळी सहापासून एकच वाद: यंदा मिडफिल्डला कोण किती मिनिटं खेळणार?

पुढचे तीन हल्लेवाले आणि मागचे तीन बचाववाले, त्यांचं काही गूढ नसतं. ते आपापल्या अर्ध्यात उभे असतात आणि दमत नाहीत. पण मधले तिघे जाळीची काठी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत असतात. दीड मिनिटात त्यांचा भाता होतो. मग ते धावत बाहेर येतात आणि ताज्या दमाचे तिघे आत घुसतात. अशा तीन फळ्या, कधी चार. कुठली फळी कधी जाईल, कोण कुठल्या फळीत असेल, हे कोच गॅरिटी मरेपर्यंत कुणाला सांगत नसे. सामना साठ मिनिटांचा, मैदानावर मधले तिघे, म्हणजे वाटायला एकशे ऐंशी मिनिटं. ती कोणाच्या पदरात किती पडतील याचा अंदाज कागदावर लिहून पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी पर्लकडे द्यायचा. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ, त्याला पर्लच्या हातची जांभळ्या द्राक्षांची अख्खी ‘पाय’, म्हणजे आत गोड सारण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी. द्राक्षं तिनं शरद ऋतूत फक्त याच कामासाठी गोठवून ठेवलेली असत.

गेली चार वर्षं ती पाय व्हर्जिल टॉम्पकिन्स खात होता. निवृत्त गणित मास्तर, फूटपट्टीसारखा ताठ, कॉम्प्युटरवर मागच्या तीन मोसमांचे तक्ते घेऊन बसणारा. पाय खाताना तो खिडकीजवळ बसे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही दिसावा.

“बर्निस, तू कधीच का नाही गं लिहीत?” पर्लनं त्या शुक्रवारी सकाळी कॉफी ओतता ओतता विचारलं.

“मी टीमच्या पगारावर आहे. बरं दिसत नाही.”

“अगं, लिहू दे की तिला!” व्हर्जिल म्हणाला. “तिला कपड्यांतलं कळतं. कुठला डाग कशानं जातो वगैरे. मिडफिल्ड हा आकड्यांचा विषय आहे.”

बर्निसनं कप खाली ठेवला. तिचे कान लाल झाले. “मास्तर,” ती म्हणाली, “तुझ्या तक्त्यात सदतीस नंबर आहे?”

“सदतीस? लायसाक? तो फुकटा? त्याला टीममध्ये कुणी बोलावलंसुद्धा नव्हतं, आपला आपण आला. शून्य मिनिटं.”

“मी चौतीस देते.”

खाणावळीत एवढा हशा झाला की भट्टीजवळचा पर्लचा नवरा काय झालं बघायला बाहेर आला. व्हर्जिलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “चौतीस! अगं, कॅप्टन हॅलोरनला मी अडतीस दिलीत!”

“मी त्याला सहा देते,” बर्निस म्हणाली आणि तडक कामावर गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं व्हर्जिल टॉम्पकिन्सला उलट उत्तर दिलं होतं. तो तिच्या दोन्ही पोरांना गणितात नापास करणारा माणूस होता.

एमेट लायसाकची पिशवी रोज सगळ्यांत जड भरायची. व्हर्जिलला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, साहजिक आहे, सरावात तो प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेतो, दिवसभर पळतो, म्हणून घामतो. ते बर्निसलाही ठाऊक होतं. पण तिनं आणखी एक पाहिलं होतं. मैदानावर जे कृत्रिम गवत होतं त्यात रबराचे काळे कण असतात. ज्या दिवशी लायसाक पहिल्या फळीच्या बचाववाल्यांसमोर पळे, त्या दिवशी त्या बचाववाल्यांच्या जर्सींच्या पाठी काळ्या होऊन येत. पाठ कधी काळी होते? माणूस उताणा पडल्यावर. आणि हॅलोरनचं म्हणाल तर त्याच्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. त्याची पिशवी बुधवारपासून हलकी येत होती आणि डाव्या मोज्याला मलमाचा उग्र वास होता.

त्याच दुपारी तिनं पिवळ्या रेघी कागदावर आधी कच्चा अंदाज लिहिला. तीन फळ्या, नऊ नावं, पुढे मिनिटं. मग दुसऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून पर्लला देऊन आली. कच्चा कागद ड्रायरशेजारच्या फळीवर टाचणीनं लावून ठेवला. आपलं आपल्याला बघायला छान वाटलं, एवढंच.

इकडे कोच गॅरिटीचा गुरुवारपासून घसा बसलेला. आठवडाभर थंडीत ओरडून ओरडून आवाज असा गेला की शनिवारी सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा यायची. डॉक्टरनं कुजबुजायलाही मनाई केली. तेव्हा त्यानं आपल्या मिडफिल्डच्या फळ्या पिवळ्या रेघी कागदावर लिहिल्या. कॉलेजच्या भांडारात दुसरा कागद मिळतच नव्हता. मग ते पान बर्निसच्या खोलीच्या खिडकीत ठेवून त्यानं मदतनीस कोच पेल्टियेला चिठ्ठी दिली: ‘पान बर्निसच्या खोलीत आहे. काहीही झालं तरी पानावर आहे तसंच कर. माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस.’

पेल्टिये पन्नाशीचा, आज्ञाधारक माणूस. तो खोलीत आला तेव्हा बर्निस गाडीत पाण्याच्या बाटल्या ठेवायला गेली होती. जाण्याआधी तिनं घाईत खिडकीत न बघताच टॉवेलांची चळत रचली होती. पेल्टियेनं इकडे तिकडे पाहिलं. ड्रायरशेजारी पिवळा कागद, त्यावर फळ्या आणि मिनिटं. त्यानं टाचणी काढली, कागद खिशात घातला आणि मैदानावर गेला.

दुपारी एकला सामना सुरू झाला. समोर स्टॅनविक कॉलेज, ज्यांच्याकडून व्हॅन डोरेननं लागोपाठ अकरा वर्षं मार खाल्ला होता. ऊन लख्ख, थंडी कडाक्याची, मैदानाच्या कडेला बाजूला सारलेल्या बर्फाचे ढीग. व्हर्जिल, पर्ल आणि पर्लचा नवरा प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर ओळीनं बसले होते आणि तिघांच्या गळ्यात मिळून नऊ स्टॉपवॉच लोंबत होती. बर्निस नेहमीसारखी टॉवेल घेऊन टीमच्या बाकाच्या टोकाला उभी.

पहिली फळी आत गेली. तिसऱ्या माणसाच्या पाठीवर सदतीस.

बर्निसनं टॉवेलात तोंड खुपसलं. बाहेर काढलं. अजून सदतीसच होता. दीड मिनिटानं दुसरी फळी गेली: तिनं लिहिलेले तिघे, तिनं लिहिलेल्या क्रमानं. मग तिसरी, तीही हुबेहूब. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. मागून पर्लचा आवाज आला, “बर्निस! अगं बर्निस! तू चेटकीण आहेस का?” बर्निसनं वर पाहून छातीवर क्रॉसची खूण केली. सेंट अँथनीला मेणबत्ती नव्हे, अख्खी पेटी लावायची असं तिनं ठरवलं.

कोच गॅरिटी मात्र विचित्र वागत होता. त्यानं दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. सदतीसकडे बोट दाखवून गळ्यावरून हात फिरवला. मग टोपी काढून तीवर उड्या मारल्या.

“कोच आज भलतेच रंगात आहेत,” पेल्टिये बर्निसला म्हणाला. त्यानं कागदावर नजर टाकली आणि ओरडला, “पहिली फळी, आत!”

लायसाक हा दिसायला काही खेळाडू नव्हे. हडकुळा, कोपरं बाहेर आलेली, पळताना गुडघे छातीला लावणारा. पण स्टॅनविकच्या बचाववाल्यांनी तक्ते वाचले होते, आणि तक्त्यांत तो नव्हता. पहिल्याच वेळी तो डावीकडे झुकला, उजवीकडून गेला आणि त्यांचा सव्वासहा फुटी माणूस उताणा पडला. त्याची पाठ रबरानं काळी. बर्निस जागच्या जागी नाचली. तिचे गुडघे कुरकुरले, तिनं त्यांना दाद दिली नाही.

पहिलं सत्र संपता संपता लायसाकनं स्वतः गोल केला. कोच गॅरिटी कागद आणि मार्कर घेऊन तावातावानं पेल्टियेकडे निघाला होता. अर्ध्या वाटेत त्याची नजर गुणफलकावर गेली. चार–एक. तो थांबला. त्यानं मार्करला टोपण लावलं आणि मार्कर खिशात घातला.

मध्यंतराला गुण होते सात–तीन. बर्निस कोरडे टॉवेल आणायला तळघरात पळाली. खिडकीतली चळत उचलली तर खाली पिवळा कागद. कोचचं अक्षर. ‘हॅलोरन, पहिली फळी. लायसाक, गरज पडली तरच.’ तिनं ड्रायरकडे पाहिलं. फळीवर नुसती टाचणी.

ती टॉवेलांच्या ढिगावर बसली. मग तिला हसू यायला लागलं. आधी बारीक, मग पोट धरून, मग आवाज फुटेना असं. ती चेटकीण नव्हती. स्टॅनविकविरुद्ध व्हॅन डोरेन कॉलेजची टीम बर्निस वॉइचिकनं उतरवली होती! हसता हसताच ती उठली, कारण आता वर जाऊन हे सांगायला हवं होतं.

खेळाडूंच्या खोलीत कोच गॅरिटीनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘पेल्टिये, सदतीस कशाला??’

“तुम्हीच लिहिलंय ना, कोच!” पेल्टिये काकुळतीला आला होता. “हे बघा. पानावर आहे तसंच कर म्हणालात, मी तसंच केलं.”

कोचनं कागद घेतला. उलटा केला, सुलटा केला. नावांपुढे बारीक अक्षरात औंस लिहिले होते. त्यानं भुवया वर केल्या.

“ते माझं आहे,” बर्निस दारातून म्हणाली. बेचाळीस डोकी वळली. “पर्लच्या पायसाठी केलेला अंदाज. तुमचं पान टॉवेलांखाली होतं, मीच वर टॉवेल रचले. चूक माझी. पेल्टियेसाहेबांना बोलू नका.”

कोचनं फळा पुसला आणि लिहिलं: ‘औंस कसले?’

“घामाचे.”

मागून कुणीतरी फुस्सकन हसलं, आणि मग सगळी खोलीच फुटली. बर्निसनं हात कमरेवर ठेवले. “हसा! तुमच्यातला कोण पळतो आणि कोण पळाल्यासारखं करतो, हे मला पिशवी उचलली की कळतं. बारा नंबरवाल्या डोनोव्हन, दात काढू नकोस, तुझी पिशवी मंगळवारी मी कोरडी म्हणून धुतलीच नाही.”

आता हसणं तिप्पट झालं. फक्त कोच हसत नव्हता. त्यानं लिहिलं: ‘हॅलोरनला सहाच मिनिटं का?’

पिशवीत काय दिसतं ते बर्निसचं आणि पिशवीवाल्याचं, हा तिचा सव्वीस वर्षांचा नेम होता. किती प्रेमपत्रं, किती औषधाच्या गोळ्या तिनं मुकाट्यानं खिशातून काढून कोरड्या जागी ठेवल्या होत्या. “ते मी नाही सांगणार,” ती म्हणाली. “हवं तर ते पान फाडून टाका.”

कॅप्टन हॅलोरन बाकावरून उठला. गोरापान, रुंद खांद्यांचा, आणि त्या क्षणी शाळेतल्या पोरासारखा. “डावा घोटा आहे, कोच. बुधवारी मुरगळला. सांगितलं असतं तर तुम्ही बसवलं असतं.” त्यानं बर्निसकडे पाहिलं. “तुम्हाला कसं कळलं हो?”

“बाळा, मी गेले तीन दिवस तुझं मलम हुंगतेय.”

कोच गॅरिटीनं पिवळ्या कागदावर सहाचं शून्य केलं, खाली ‘बाकी चालू दे’ असं लिहिलं आणि कागद पेल्टियेच्या हातात परत दिला.

दुसऱ्या अर्ध्यात स्टॅनविकवाले खवळून उठले. सात–तीनचे आठ–सहा झाले, नऊ–नऊ झाले. चौथ्या सत्रात लायसाकच्या पोटऱ्यांना गोळे आले आणि दोघांनी त्याला उचलून बाहेर आणलं. बर्निसनं त्याच्या मानेवर ओला टॉवेल टाकला. “किती झाली माझी?” त्यानं धापा टाकत विचारलं. त्यालाही आता आकडा हवा होता. वरून व्हर्जिल ओरडला, “एकोणतीस मिनिटं, चाळीस सेकंद!” शेवटचं दीड मिनिट उरलं तेव्हा तिसरी फळी आत होती. पिशवी कोरडी येणारा डोनोव्हन कधी नव्हे ते पिसाटासारखा पळाला, आणि त्याच्या काठीतून सुटलेला चेंडू गोलकीपरच्या पायांमधून गेला. दहा–नऊ.

नंतर काय काय झालं ते सांगणाऱ्यागणिक वेगळं आहे. पर्लनं स्वतःच्या नवऱ्याऐवजी पेल्टियेचा मुका घेतला, हे मात्र सगळेच सांगतात. कोच गॅरिटी तोंड उघडून ओरडत होता आणि आवाज शून्य, ते पाहून पोरं आणखी खिदळत होती. बर्निसला कुणीतरी पाण्याच्या गाडीवर बसवलं आणि मैदानाभोवती पळवत नेलं. ती “अरे गाढवांनो, टॉवेल! टॉवेल पडतायत!” असं ओरडत राहिली आणि दोन्ही हातांनी गाडी घट्ट धरून खदाखदा हसत राहिली.

सोमवारी खाणावळीत व्हर्जिलनं बेरीज मांडली. त्याचा अंदाज एकंदर एकशे बारा मिनिटांनी चुकला होता, बर्निसचा एकवीस.

“मी बाद,” बर्निस म्हणाली. “तो अंदाज नव्हता, मास्तर. मीच पान भरलं आणि मीच बरोबर ठरले. कोचचं पान वापरलं असतं तर मी तोंडावर आपटले असते.”

“नियम मी लिहिलेत,” व्हर्जिल ताठपणे म्हणाला. “त्यांत असं कुठंही नाही की अंदाज करणाऱ्यानं टीम उतरवू नये.”

“म्हणजे तू हरलास?”

“गणितानं हरलो.” त्यानं बेरजेचा कागद घडी करून ठेवला. “तो वजनाचा प्रकार मला एकदा दाखवशील का? पहिल्यापासून?”

बर्निसनं त्याला पायचा मोठा तुकडा कापून दिला आणि दुपारी तळघरात यायला सांगितलं. गणित मास्तर आला, कोट काढून ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा मोजा दोन बोटांत धरून उभा राहिला. “वास घेऊ?” त्यानं विचारलं. “घ्यायलाच हवा,” बर्निस म्हणाली. तिच्या दोन नापास पोरांचा हिशोब त्या क्षणी फिटला.

कोचनं आता दर गुरुवारी वजनं मागितली. बर्निस म्हणाली, “कोण आजारी वाटतोय एवढं सांगेन, ते पण त्याला आधी विचारून. बाकी वजनं पर्लकडच्या अंदाजासाठी.” कोचनं मान डोलावली.

पण पोरांना सगळं कळलं होतं. पुढच्या गुरुवारी ती पिशव्या टांगायला लागली आणि काट्याचा काटा गरकन फिरला. पाच पौंड. दुसरी, साडेपाच. डोनोव्हनची सहा. बर्निस हरखली. क्षणभर तिला वाटलं, आख्खी टीम वेडी होऊन पळतेय. मग तिनं एक जर्सी नाकाशी नेली. घामाचा वास नाही, मलमाचा नाही, कसलाच नाही. नळाचं पाणी! लुच्चे शॉवरखाली धरून भिजवून आणत होते!

ती ओलीगच्च पिशवी हातात घेऊन बोळात आली. वाटेत पाण्याची धार. “कोण आहे रे तो? पुढे या सगळे!”

सगळे पळाले. एकटा उरला तो लठ्ठ, गोड चेहऱ्याचा व्हिटेकर, त्याची पिशवी सगळ्यांत जड, सव्वासात पौंड.

“अरे, तू गोलकीपर आहेस!” बर्निस कपाळावर हात मारून म्हणाली. “तुझा मिडफिल्डशी काय संबंध?”

“माहितेय, मिस बर्निस,” तो म्हणाला. “पण म्हटलं, पर्लकडे माझंही नाव तर निघेल.”

बर्निसनं रागावायला तोंड उघडलं आणि तिला इतकं हसू आलं की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग तिनं व्हिटेकरला आत बोलावलं, पिळायला दुसरं टोक त्याच्या हातात दिलं, आणि दोघांनी मिळून ती जर्सी पिळली. पाणी त्याच्या बुटांवर पडलं, तिच्याही.